वेगळी चूल : मागच्या घराच्या परवानगीच्या नोंदी

८ जानेवारी
ठरलं एकदाचं. प्लॉटच्या मागच्या भागात माझ्यासाठी लहान घर बांधायचं. जागा दादाच्या आणि माझ्या, दोघांच्या नावावर आहे. पुढच्या घरात दादा-वहिनी राहतात. "जागा आपली, भांडण कुणाशी नाही, परवानगीला कितीसा वेळ लागणार?" इति दादा. मी तेवढ्यात ही वही काढली, कारण तीन महिन्यांनी त्याला हे वाक्य आठवणार नाही.

११ जानेवारी
टेप घेऊन सगळा प्लॉट मोजला. १८ मीटर रुंद, ३६ मीटर लांब, म्हणजे ६४८ चौरस मीटर. पुढच्या कुंपणापासून घर ६ मीटरवर. घर ११.२ बाय १०. त्याच्या एका बाजूला ३.७ मीटर मोकळे, दुसऱ्या बाजूला ३.१. घराच्या मागे २० मीटर.

ऐकायला भरपूर वाटतं. पण मागे जायचा रस्ता त्या ३.१ मीटरच्या बोळातूनच, आणि तिथे भिंतीवर विजेची मीटरपेटी बाहेर आलेली आहे. तिच्यापाशी उरतात २.७५. नकाशावर पेटी कधीच दिसत नाही, हातगाडीला मात्र दर वेळी लागते.

पारदर्शक नळीत पाणी भरून पातळीही पाहिली. प्लॉटचं मागचं टोक रस्त्यापेक्षा ३५ सेंटिमीटर खाली आहे. डोळ्यांना सपाट दिसतं. तेव्हा या आकड्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही.

१४ जानेवारी
खरेदीखत काढून वाचलं. नवव्या पानावर : "सदर भूखंडावर एकच निवासी इमारत बांधण्यात येईल." वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा मूळ मालकानं घातलेली अट.

वकिलांना विचारलं. त्यांनी नीट समजावलं : नियोजन खात्याची परवानगी वेगळी आणि खतातली अट वेगळी. खातं बघतं की बांधकाम नियमात बसतं का. खतात काय लिहिलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. त्यामुळे परवानगी हातात असूनही ज्याच्या फायद्यासाठी अट आहे तो काम थांबवायला न्यायालयात जाऊ शकतो. उलटही खरं : अट काढून घेतली म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. मूळ मालकाच्या वारसांकडून अट सोडल्याचा दस्त करून घ्यायचा. वारस तीन, तिघे तीन गावी.

आर्किटेक्टला फोन करण्याआधी खत वाचलं हे एक बरं झालं.

२० जानेवारी
कपाटातून १९८७ चा मंजूर नकाशा सापडला. घड्यांवर फाटलाय, पण शिक्का दिसतो. नकाशात पोर्च नाही. मागच्या कोपऱ्यातली पत्र्याची शेडही नाही. दोन्ही नंतर झाली, कुणी कुणाला विचारलं नाही.

दादा म्हणाला, "एवढी वर्षं कुणी काही बोललं नाही." बरोबर. आपण कुठलाच अर्ज केला नव्हता तोवर.

२७ जानेवारी
आर्किटेक्टबरोबर पहिली बैठक. मी खोल्यांची यादी घेऊन गेले होते. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "स्वयंपाकघर वेगळं असणार का?"

"हो."

"दार वेगळं? मीटर वेगळा?"

मी दादाकडे पाहिलं, दादा खिडकीकडे.

"म्हणजे वेगळी चूल," त्या म्हणाल्या. "मग ते दुसरं घर झालं. चूल नसेल तर पहिल्या घराचीच लांबची खोली. आधी हे ठरवून या, मग मी पेन्सिल हातात घेते."

घरात आम्ही हा प्रश्न वर्षभर टाळत होतो. 'मागे काहीतरी बांधू', 'तुझ्यासाठी सोय करू' अशीच भाषा. आता अर्जाच्या पहिल्या पानावर त्यासाठी चौकोन आहे.

३ फेब्रुवारी
ठरलं काहीच नाही, तरी आर्किटेक्टनं दोन मजल्यांचं एक रेखाटन करून पाहिलं. मला वरून दिसणारं आकाश हवं होतं. ते एका कोनानं खाल्लं.

पद्धत सोपी आहे. शेजाऱ्याच्या तळमजल्यावरच्या खिडकीच्या मध्यापासून २५ अंशांची रेघ वर आपल्याकडे काढायची. आपली इमारत त्या रेघेखाली राहिली तर त्यांचा उजेड फारसा जात नाही. रेघेवर डोकं काढलं तर सविस्तर हिशोब द्यावा लागतो. आमचं : खिडकीचा मध्य जमिनीपासून १.५ मीटर, तिथून आमच्या नव्या भिंतीपर्यंत ७.४ मीटर. २५ अंशांचा टॅन ०.४६६. म्हणजे ३.४५ अधिक १.५, एकूण ४.९५ मीटर. दोन मजली घराची भिंत ५.८ मीटर होत होती. ८५ सेंटिमीटर जास्त.

एकमजली केलं तर भिंत ३ मीटर, उतरत्या छपराचा कणा ४.९, आणि तो भिंतीपासून आणखी २.६ आत, जिथे रेघ ६.१६ वर गेलेली असते. आरामात बसतं. आकाशासाठी आता छपरात काच.

१० फेब्रुवारी
नियोजन कार्यालयात अर्जापूर्वीची भेट. ही सोय आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, किंवा उगाच कशाला दाखवा म्हणून ते जात नाहीत. जावं. तिथला सल्ला बंधनकारक नसतो, पण कुठे अडणार ते कळतं.

आम्ही अडलो व्याप्त क्षेत्रावर. आमच्या भागात प्लॉटच्या एक-तृतीयांशावरच छप्पर चालतं, म्हणजे २१६ चौरस मीटर. जुनं घर ११२, नवं ६२. बेरीज १७४, म्हणून आम्ही खुशीत होतो. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे पोर्चचे २६ आणि शेडचे २१ मिळवले. २२१. पाच चौरस मीटरनं फसलो, तेही जे आम्ही आमच्याच नकाशात दाखवलं नव्हतं त्यामुळे.

पोर्च आता नियमित करून घ्यायचा आणि शेड पाडायची. शेडमध्ये वडिलांची हत्यारं आहेत. दादा परत येताना गाडीत काही बोलला नाही.

१८ फेब्रुवारी
सांडपाण्याचा दिवस. ११ जानेवारीच्या ३५ सेंटिमीटरनं आज हिशोब मागितला.

पहिल्या आराखड्यात संडास-बाथरूम घराच्या मागच्या टोकाला होतं, कारण पुढे बैठकीची खोली छान दिसते. तिथून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत वळणांसकट ४१ मीटर पाइप. मैल्याच्या ११० मिलिमीटरच्या पाइपला आम्ही १:८० ढाळ धरला. त्याहून कमी ढाळात पाणी पुढे जातं आणि मैला मागे राहतो. ४१ मीटरला ५१ सेंटिमीटर उतार. चेंबरचा तळ रस्त्याच्या पातळीखाली ९५ सेंटिमीटर आहे, म्हणजे मागच्या टोकाला पाइपचा तळ येतो रस्त्याखाली ४४ वर. आणि तिथली जमीनच आहे ३५ खाली. पाइपची जाडी ११. थोडक्यात, पाइप दोन सेंटिमीटर जमिनीच्या वर डोकावतो!

तीन वाटा होत्या. जोतं आणि सगळी वाट भर घालून उचलायची. मग उंची वाढते आणि २५ अंशांचं गणित पुन्हा. पंप बसवायचा, तो वीज गेली की थांबतो, आणि संडास काही वीज बघून वापरत नाहीत. तिसरी : बाथरूम आणि स्वयंपाकघर उचलून घराच्या रस्त्याकडच्या टोकाला आणायचं. मग पाइप २९ मीटर, उतार ३६ सेंटिमीटर, तळ ५९ वर. तिथे जमीन २५ खाली. पाइपवर २३ सेंटिमीटर माती राहते. गाडी त्यावरून जाणार नाही. तरी काँक्रीटमध्ये लपेटून घेऊ.

घर उलटं झालं. बैठकीची खोली मागे गेली, बागेकडे. आणि गंमत म्हणजे ते आधीपेक्षा चांगलं झालं : जुन्या घराच्या मागच्या दारासमोर आता माझ्या बैठकीची खिडकी येत नाही, बाथरूमचा उंच झरोका येतो. दोन्ही घरांत ५ मीटरचं अंतर आहे आणि वहिनींना आणि मला एकमेकींच्या खिडकीत बघायचं नाहीये.

ज्यांना मागे घर बांधायचंय त्यांना एकच सांगेन : खोल्या मांडण्याआधी चेंबरचं झाकण उघडा.

२४ फेब्रुवारी
पावसाच्या पाण्यासाठी शोषखड्डा. गटारात सोडायला परवानगी नाही. नव्या छपराचं क्षेत्र पागोळ्यांसकट ७४ चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस आला तर ३.७ घनमीटर पाणी. खड्डा दगडांनी भरला तर पोकळी जेमतेम एक-तृतीयांश मिळते, म्हणजे खड्डा तिप्पट हवा. पोकळ कडी, म्हणजे रिंगा, वापरली तर निम्म्यात भागेल.

जमीन पाणी पिते का ते बघायला ३०० मिलिमीटर चौरस आणि तेवढाच खोल खड्डा खणून, पाणी भरून रात्रभर मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तीन-चतुर्थांशापासून एक-चतुर्थांशापर्यंत, म्हणजे १५० मिलिमीटर, पाणी उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. ११८, १२४, १३३ मिनिटं. सरासरी १२५ मिनिटं, म्हणजे मिलिमीटरला ५० सेकंद. चालतं. १०० च्या वर गेलं असतं तर चिकणमाती म्हणून दुसरा उपाय शोधावा लागला असता.

जागा : कुठल्याही इमारतीपासून ५ मीटर दूर. शेजारच्या झाडाचं खोड ४२ सेंटिमीटर जाड आहे. त्याच्या बारा पट त्रिज्येत, म्हणजे ५ मीटरभर, मुळांना धक्का लावायचा नाही. ही दोन वर्तुळं काढल्यावर एकच जागा उरली. शेडची.

१ मार्च
चुलीचा प्रश्न. आज बोलावंच लागलं, परवा अर्ज द्यायचाय.

दादाचं म्हणणं हिशोबी आहे. 'जुन्या घराला जोडून वापरायची खोली' असं लिहिलं तर दुसऱ्या गाडीची जागा दाखवावी लागत नाही, शुल्क कमी, छाननी हलकी. ओटा नंतर घालता येईल, कोण बघायला येतंय?

मी म्हटलं, बघायला कुणी येणार नाही हे खरं. पण अशा परवानगीला अट येते की ती जागा मूळ घराचा भाग म्हणूनच वापरायची. स्वतंत्र राहता येणार नाही, वेगळी विकता येणार नाही, भाड्यानं देता येणार नाही. उद्या तू पुढचं घर विकलंस तर माझं घर त्याच्याबरोबर जातं. मी माझे पैसे घालून तुझ्या घराला एक खोली बांधणार?

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मी विकणार नाही."

"माहितीय. पण कागद तुला ओळखत नाही."

आर्किटेक्टनं मागे एक गोष्ट सांगितली होती, ती मी इथे वापरली. इंग्लंडमध्ये १९८२ साली ग्रेव्हशॅमच्या खटल्यात हाच प्रश्न होता : राहतं घर कशाला म्हणायचं? उत्तर असं की रोजच्या खासगी संसाराला लागतात त्या सोयी जिथे आहेत ते. मग तिथे बारा महिने कुणी राहतं की नाही, हा मुद्दा दुय्यम. आपल्याकडे त्यासाठी न्यायाधीश लागले नसते. 'वेगळी चूल मांडली' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

वहिनी आतून म्हणाल्या, "तिला घर द्या की खोली, ते एकदाचं लिहा बघू."

घर लिहिलं.

३ मार्च
अर्ज दाखल. आवक शिक्का मिळाला. जोडलेलं : स्थळदर्शक नकाशा, प्लॉटचा आराखडा, दोन्ही घरांचे मजले, चार बाजू, दोन छेद, पातळ्या, सांडपाणी, शोषखड्ड्याची चाचणी. गाडीच्या दोन जागा पुढच्या ६ मीटरमध्ये शेजारी-शेजारी, प्रत्येकी २.५ बाय ५. फाटक रुंद करायला रस्ता विभागाचा वेगळा अर्ज.

१९ मार्च
त्रुटीपत्र. सात मुद्दे. पाच किरकोळ (उत्तर दिशेचा बाण एका नकाशावर राहिला होता). सहावा : आगीचा बंब आत कसा येणार? येणार नाही, २.७५ मधून येणं शक्यच नाही. पण बंब रस्त्यावर उभा राहिला तर नळी घराच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला हवी. फाटकापासून तो कोपरा वळणासकट ३८ मीटर. मर्यादा ४५. रेघ काढून दिली.

सातवा : मीटरपेटी. वाट कुठेही ३ मीटरपेक्षा कमी नको. पेटी हलवायचं कबूल केलं.

२ एप्रिल
दोन वारसांच्या सह्या आल्या. तिसरे फोन उचलत नाहीत.

९ एप्रिल
शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या होत्या. एक हरकत आली, ती शेजारच्या काकांची. लहानपणापासून ज्यांच्या अंगणात चेंडू गेला की आम्ही पळून जायचो, तेच. लेखी कारणं चार : उजेड, खाजगीपणा, गाड्या, आणि "परिसराचं स्वरूप बिघडेल".

मला राग आला, मग मी हरकत दुसऱ्यांदा वाचली. उजेडाचा मुद्दा कोनानं मिटतो. गाड्यांचाही. 'स्वरूप' म्हणजे काहीही असू शकतं. पण खाजगीपणाचं त्यांचं खरं होतं. स्वयंपाकघर पुढे आणताना आम्ही ओट्यावरची खिडकी त्यांच्या बाजूला टाकली होती. तिथे उभी राहून मी रोज त्यांच्या झोपायच्या खोलीत बघितलं असतं. आमच्या चारही नकाशांत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नकाशात त्यांच्या घराचा नुसता चौकोन होता.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. "काका, खिडकी काढते."

"काढू नकोस. उजेड लागतो स्वयंपाकाला. वर घे."

तळ १.७ मीटरवर घेतला, खाली दुधी काच. सुधारित नकाशा दिला. काकांनी हरकत मागे घेतली नाही. फक्त खिडकीचं समाधान झालं असं पत्र दिलं. तत्त्वाचे आहेत.

२८ एप्रिल
स्थळपाहणी. अधिकारी बाईंनी टेप मीटरपेटीपाशीच लावला. मग शेडपाशी उभ्या राहून, "ही कधी जाणार?" दादा म्हणाला, "पुढच्या रविवारी." मला हे तेव्हाच कळलं.

४ मे
शेड पाडली. हत्यारं पोर्चमध्ये. दादानं पत्रे स्वतः उतरवले, कुणाला हात लावू दिला नाही.

२० मे
काही नाही. वाट बघणं.

रिकाम्या वेळात वाचलं : कॅलिफोर्नियात २०२० पासून असा कायदा आहे की राहत्या घराच्या आवारातल्या दुसऱ्या लहान घराचा पूर्ण अर्ज आला की ६० दिवसांत निकाल द्यायचा, शेजाऱ्यांची सुनावणी न घेता. नियमात बसतं तर मंजूर. इंग्लंडमध्ये एका घराच्या अर्जाला आठ आठवड्यांची मुदत आहे. आमचे अकरा झाले. काकांची सुनावणी नसती तर ती खिडकी मात्र खालीच राहिली असती, हेही लिहून ठेवते.

२९ मे
तिसऱ्या वारसांची सही. ते फोन उचलत नव्हते कारण नंबर बदलला होता. अट सोडल्याचा दस्त नोंदला.

६ जून
मंजुरी. अटींसह, एकूण अकरा. महत्त्वाच्या :

तीन वर्षांत काम सुरू करायचं, नाहीतर परवानगी संपते. काम सुरू करण्याआधी मीटरपेटी हलवलेली दाखवायची. ओट्याच्या खिडकीची दुधी काच कायम ठेवायची. शोषखड्डा घर वापरात येण्याआधी पूर्ण हवा. शेजाऱ्याच्या झाडाभोवती काम चालू असेपर्यंत कुंपण. पुढे छप्पर, गच्ची किंवा नवी खिडकी करायची तर पुन्हा अर्ज.

'मूळ घराचा भाग म्हणूनच वापरावे' ही अट नाही. मी दोनदा वाचलं. दादानं मुकाट्यानं कागद घेतला, तोही पहिल्या पानापासून.

'काम सुरू करण्याआधी' लिहिलेल्या अटींना सोडून कुदळ मारली तर अख्खी परवानगीच वादात येऊ शकते, असं आर्किटेक्ट बजावून गेल्या. म्हणून त्यांची वेगळी यादी करून दारामागे चिकटवली.

१४ जून
मीटरपेटी हलवायला माणूस सोमवारी येणार. तोवर खणायचं नाही, पण दोरी बांधून बघायला काय हरकत. १२ बाय ५.२ चा आयत. काटकोनाला तीन-चार-पाचचा त्रिकोण, मग कर्ण मोजले : एक १३.०८, दुसरा १३.१३. पाच सेंटिमीटर तिरकं.

दादानं चौथी खुंटी उपटली, वडिलांच्या हातोडीनं पुन्हा ठोकली. १३.०८, १३.०८. मग तो दोरीच्या आत येऊन रस्त्याकडच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि विचारलं, "ओटा इथं ना?"

"अजून अर्धा मीटर डावीकडे. तिथं पाइप आहे."